सूट पंचाहत्तर टक्के, पण कशावर?

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यातल्या एका ताईंची एमएच-१२ पासिंगची पेट्रोल हॅचबॅक आहे, ११९७ सीसीची. पुढच्या महिन्यात गाडीला तीन वर्षं पूर्ण होतात. आजवर एकही क्लेम नाही. तरी यंदा रिन्युअलची रक्कम मागच्यापेक्षा चांगलीच वाढून आली आहे. हातात दोन कोटेशन आहेत: एक कंपनी ७५ टक्के सूट देते, दुसरी ६५. साताऱ्यातल्या भावाची गाडी हीच, पण त्याचा हप्ता कमी. आणि शेवटी, "कंपनी चांगली की वाईट हे क्लेम करायच्या आधीच कसं ओळखायचं?"

ताई, मी चोवीस वर्षं मोटर सर्वेअर म्हणून काम करतोय. अपघातानंतर वर्कशॉपमध्ये वाकलेल्या बॉनेटचे फोटो काढून एस्टिमेटवर पेन चालवणारा माणूस तो मी. पॉलिसी विकणं हे माझं काम नाही. पॉलिसी फुटते तेव्हा मी तिथे उभा असतो, म्हणून उत्तरही त्याच बाजूने देतो.

आधी रक्कम का वाढली ते. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला थर्ड पार्टी, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचा, विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो, सर्वोच्च न्यायालयाचा तसा आदेश आहे. ते पैसे तुम्ही शोरूममध्येच भरून टाकलेत. मधली दोन वर्षं फक्त ओडी, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग, रिन्यू होत होता. आता थर्ड पार्टीही संपली, म्हणून ते पैसे पुन्हा वर चढले. १००० ते १५०० सीसीच्या खासगी कारला हा दर ३,४१६ रुपये आहे, अधिक १८ टक्के जीएसटी. १ जून २०२२ पासून लागू झालेला हा दर सरकार ठरवतं, कंपनी नाही. त्यामुळे थर्ड पार्टीच्या आकड्यात कुठल्याही दोन कंपन्यांची तुलना करत बसू नका. समोरचा माणूस दगावला किंवा जखमी झाला तर भरपाईला मर्यादा नाही, मालमत्तेच्या नुकसानीला साडेसात लाखांची आहे. हेही सगळीकडे सारखंच.

म्हणजे स्पर्धा फक्त ओडीत. आणि सगळी गंमत तिथेच आहे.

७५ टक्के सूट कशावर मिळते हे कोणी विचारतच नाही. पूर्वी मोटर विम्याचे दर टॅरिफने, म्हणजे सगळ्या कंपन्यांना एकच असलेल्या दरतक्त्याने, बांधलेले होते. २००७ मध्ये ते बंधन सुटलं, पण जुना तक्ता मोजपट्टी म्हणून अजून वापरात आहे. पुण्याची, पाच वर्षांच्या आतली, १००० ते १५०० सीसीची गाडी असेल तर तक्त्यातला दर गाडीच्या आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यासाठी धरलेल्या किमतीच्या, ३.२८३ टक्के. या दराने आज कोणीच पैसे घेत नाही. लग्नसराईत साडीवर आधी मोठी किंमत लिहून मग ती खोडतात, त्यातलाच प्रकार. त्यामुळे सुटीचा टक्का एकटा पाहिला तर त्याला काही अर्थ नाही. तो कुठल्या आयडीव्हीवर लावलाय ते पाहावं लागतं.

तुमच्या दोन्ही कोटेशनमध्ये नेमकी तीच ओळ वेगळी आहे. आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा टोटल झाली, म्हणजे दुरुस्तीपलीकडे गेली असं धरलं, तर मिळायची रक्कम. ती तुम्ही गाडी घेतलीत त्या किमतीवरून काढत नाहीत. त्या मॉडेलच्या आजच्या शोरूम किमतीतून वयाप्रमाणे घसारा वजा करतात: दुसऱ्या वर्षात २० टक्के, तिसऱ्यात ३०, चौथ्यात ४०. तुम्ही आजची किंमत नऊ लाख लिहिली आहे, म्हणजे साठ टक्क्यांनी ५,४०,०००. दुसऱ्या कंपनीने हेच धरलंय. पहिलीने धरलेत ४,६०,०००.

आता पाटी-पेन्सिल घ्या. पहिली कंपनी: ४,६०,००० चे ३.२८३ टक्के म्हणजे १५,१०२. त्यावर ७५ टक्के सूट, उरले ३,७७५. त्यावर तुमचा ३५ टक्के एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याची सूट, उरले २,४५४. दुसरी: १७,७२८, त्यावर ६५ टक्के सूट, ६,२०५, एनसीबीनंतर ४,०३३. फरक १,५७९ रुपयांचा, जीएसटी धरून १,८६३. हे वाचवलेत आणि उद्या गाडी चोरीला गेली, तर ८०,००० कमी मिळतील. शिवाय दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल धरतात. आयडीव्ही कमी तर ती रेघही खाली येते. पहिल्या पॉलिसीत ३,४५,००० च्या कामालाच गाडी टोटलमध्ये जाईल, दुसरीत ४,०५,००० पर्यंत दुरुस्त होऊ शकेल.

एक मात्र खरं, की रोजच्या ठोकाठोकीच्या क्लेमला आयडीव्हीने काही फरक पडत नाही. बंपर फुटला तर दोन्ही पॉलिसीत सारखाच मिळतो. गाडी दहा वर्षांची असती तर मी आयडीव्हीवरून इतकी डोकेफोड केली नसती.

भावाचं कोडं सोपं आहे, पण लोक त्याचं उत्तर अर्धंच देतात. टॅरिफमध्ये देशाचे दोन झोन आहेत. अ झोनमध्ये फक्त आठ शहरं, त्यात मुंबई आणि पुणे. सातारा ब झोनमध्ये येतो. पण ३.२८३ च्या जागी तिथे ३.१९१, इतकाच फरक. सूट आणि एनसीबी वजा जाता तुमच्या आयडीव्हीवर तो शंभर-सव्वाशे रुपयांचा होतो. भावाचा हप्ता हजार-दीड हजारांनी कमी असेल तर कारण झोन नाही. कंपन्या सूट आरटीओनुसार, मॉडेलनुसार ठरवतात. ज्या पासिंगच्या गाड्यांचे क्लेम जास्त, तिथे सूट कमी. पुण्याच्या ट्रॅफिकचे पैसे आपण पेट्रोलमध्ये भरतो, तसे विम्यातही भरतो.

आता खरी सूट कोणती ते सांगतो. एनसीबी. नो क्लेम बोनस पहिल्या क्लेमविना वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि ५०. तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो. कंपनी बदलली तरी तुमच्याबरोबर येतो, गाडी विकून नवी घेतली तरी येतो. त्यासाठी जुन्या कंपनीकडून पत्र घ्यायचं, ते तीन वर्षं चालतं. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की मात्र तो गेला. आणि मागच्या वर्षी क्लेम घेतलेला असताना फॉर्मवर "नाही" लिहू नका. एजंट म्हणतो, "कुणाला कळतंय?" कंपन्यांचा डेटा एकत्र जमा होतो, क्लेमच्या वेळी तपासला जातो. खोट्या एनसीबीमुळे अडकलेले क्लेम मी बरेच पाहिलेत. वाचलेले असतात हजार-दीड हजार.

एनसीबीमुळेच प्रत्येक ओरखड्याचा क्लेम करू नये. तुमचं उदाहरण घ्या. यंदा क्लेम केला तर पुढच्या वर्षी ४५ ऐवजी शून्य, त्यापुढे ५० ऐवजी २०, मग २५, ३५, ४५. म्हणजे ४५, ३०, २५, १५ आणि ५ टक्के, असा एकूण १२० टक्क्यांचा तोटा. एनसीबी लावण्याआधीचा तुमचा ओडी ६,२०५ आहे. तो दर वर्षी थोडा उतरेल हे धरलं तरी एका क्लेमची छुपी किंमत सहा हजारांच्या आसपास जाते. त्यात सक्तीचे हजार रुपये मिळवा, कारण १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे पहिले एक हजार मालकाचेच. म्हणून दाराच्या डेंटचं काम पाच हजारांत होत असेल तर ते ओळखीच्या पेंटरकडे करून घ्या, पॉलिसीला हात लावू नका.

बाकीच्या सवलती किरकोळ आहेत. एआरएआयने, म्हणजे आपल्या वेताळ टेकडीवरच्या संस्थेने, मान्य केलेलं चोरीविरोधी यंत्र बसवलं तर अडीच टक्के, तेही जास्तीत जास्त ५०० रुपये. ऑटोमोबाईल असोसिएशनचे सभासद असाल तर २०० पर्यंत. प्रत्येक क्लेममध्ये स्वतःहून जास्त बोजा घेण्याची सवलत, म्हणजे व्हॉलंटरी डिडक्टिबल, हिच्याबद्दल मात्र माझं मत एजंटांपेक्षा वेगळं आहे. जुन्या टॅरिफप्रमाणे २,५०० चा बोजा घेतला तर ओडीत २० टक्के, पण कमाल ७५० रुपये सूट. ७५० साठी अडीच हजार कशाला डोक्यावर घ्यायचे, असं सगळे म्हणतात. पण तुम्ही लहान क्लेम करणारच नसाल, गाडी जपून चालवत असाल, तर दर वर्षी ही सूट घेणं वाईट नाही. नवशिक्या मुलाच्या हातात गाडी असेल तर घेऊ नका.

आता कव्हर. इथे एक कागद डोळ्यांसमोर आणा, मी भरतो तो असेसमेंटचा. समजा तुमची गाडी पुढच्या टेम्पोला मागून लागली. एस्टिमेट असं: बंपर आणि ग्रिल ९,०००, बॉनेट आणि फेंडर १६,०००, रंगकाम ८,०००, मजुरी ६,०००, कूलंट-ऑइल-क्लिपा १,२००. एकूण ४०,२००, जीएसटी बाजूला ठेवू. साध्या पॉलिसीत माझं पेन असं चालतं. प्लास्टिक आणि रबर, घसारा ५० टक्के: ४,५०० कापले. पत्रा, गाडी चौथ्या वर्षात म्हणून २५ टक्के: ४,००० कापले. रंगकामाच्या बिलातला चौथा भाग मटेरियल धरून त्यावर निम्मा: १,०००. मजुरी पूर्ण. कूलंट आणि क्लिपा म्हणजे कन्झ्युमेबल, पूर्ण कापले: १,२००. सक्तीचे हजार. तुमच्या खिशातून ११,७०० जातात, कंपनी २८,५०० देते. गिऱ्हाईक माझ्याकडे बघतं ते चोराकडे बघावं तसं. पण हा सगळा घसारा पॉलिसीच्या मजकुरात छापलेला असतो.

हाच क्लेम झिरो डेपमध्ये, म्हणजे घसारा न कापणारं जोड-कव्हर घेतलं असेल तर: तुमचे जातात २,२००. कन्झ्युमेबलचं कव्हरही असेल तर फक्त हजार. म्हणून पाच वर्षांपर्यंतच्या गाडीला झिरो डेप घ्याच, असं मी डोळे झाकून सांगतो. पण दोन गोष्टी त्यांच्याकडून लेखी विचारा. वर्षात किती क्लेमना ते चालेल? बऱ्याच कंपन्यांत दोनच. आणि त्यासाठी वेगळा, जास्तीचा डिडक्टिबल लावलाय का? "झिरो डेप आहे" एवढं ऐकून लोक सुटतात आणि क्लेमच्या दिवशी कळतं, की पॉलिसीच्या शेड्यूलमध्ये, म्हणजे तपशिलाच्या पानावर, पाच हजारांचा डिडक्टिबल बसलाय.

दुसरं, इंजिनचं कव्हर. पुण्यात, मुंबईत, सांगली-कोल्हापुरात राहणाऱ्याने ते घ्यावं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा फुगला, त्यानंतरचे पंधरा दिवस मी चिखलाच्या वासातच काढले. एका सोसायटीत शेजारी-शेजारी लावलेल्या दोन सारख्या गाड्या होत्या. दोन्हींत सीटच्या निम्म्यापर्यंत गाळाची एकच सरळ रेघ. एकीच्या मालकाने सकाळी किल्लीला हात न लावता टो व्हॅन बोलावली. त्याचं कार्पेट, सीट, वायरिंग, ईसीएम म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, सगळं क्लेममध्ये बसलं. दुसऱ्याने "बघू तरी चालू होते का" म्हणून स्टार्टर मारला. इंजिन उघडलं तेव्हा एअर फिल्टरचा लगदा झालेला आणि एक कनेक्टिंग रॉड धनुष्यासारखा वाकलेला. पाणी शिरलं ते नैसर्गिक आपत्तीत, ते साध्या पॉलिसीतही भरून मिळतं. पण रॉड वाकला तो नंतर गाडी सुरू केल्यामुळे. त्याला परिणामी नुकसान म्हणतात आणि ते साध्या पॉलिसीत वगळलेलं आहे. त्या माणसाकडे इंजिनचं कव्हर नव्हतं. हात जोडून तो विचारत होता, "साहेब, मी सुरू केली नसती तर कळलं कसं असतं?" त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. रिपोर्टमध्ये खोटं लिहिता येत नाही.

कंपन्यांप्रमाणे या कव्हरची भाषा बदलते. काही जण पाण्यात सुरू केलेली गाडीही धरतात, काही जण "पाण्यात बुडाल्याचं माहीत असून सुरू केल्यास नाही" असं लिहितात. हे एक वाक्य शोधून वाचा.

टायर, किल्ली, सामान यांची कव्हरं मी सोडून देईन. रस्त्यावरची मदत बहुतेक वेळा गाडीच्या कंपनीकडून आधीच मिळत असते, तेच दोनदा विकत घेऊ नका. बाहेरून सीएनजी किट बसवलं असेल तर ते पॉलिसीत चढवा, आरसीवरही. पगारी ड्रायव्हर असेल तर त्याच्या जबाबदारीचे पन्नास रुपये नक्की भरा.

आणखी एक ठिकाण, जिथे पैसे खरंच वाया जातात: मालक-चालकाचा सक्तीचा अपघात विमा, पंधरा लाखांचा. तो माणसाचा असतो, वाहनाचा नाही. स्कूटरच्या पॉलिसीत तुम्ही तो घेतलेला असेल, किंवा तेवढ्या रकमेची वेगळी अपघात पॉलिसी असेल, तर कारमध्ये पुन्हा घ्यायची गरज नाही. तसं लिहून द्या, ती रक्कम हप्त्यातून निघते. डीलर हे स्वतःहून सांगणार नाही. तसंच, त्याच्याचकडून विमा घ्यायची सक्ती नसते हेही तो सांगणार नाही. पण त्याचं कोटेशन घ्या. त्याला बाहेरचा दर दाखवला की तो बहुतेक वेळा उतरतो.

आता कंपनी कशी ओळखायची. "९८ टक्के क्लेम मंजूर" या जाहिरातीवर जाऊ नका. वरच्या उदाहरणात ४०,२०० पैकी २८,५०० दिले, तोही मंजूर क्लेमच. किती कापलं हे त्या टक्क्यात दिसत नाही. आणि इन्कर्ड क्लेम रेशो म्हणून दुसरा आकडा फिरतो, तो हप्त्यांच्या मानाने क्लेमचा बोजा किती एवढं सांगतो. तुमचा क्लेम लवकर होईल की नाही, हे त्यावरून कळत नाही.

मी स्वतः दोन गोष्टी करतो. पहिली, ज्या वर्कशॉपमध्ये गाडी जाते तिथल्या बॉडीशॉपच्या मॅनेजरला चहा पाजायचा आणि विचारायचं, "कुठल्या कंपनीचं अप्रूव्हल लवकर येतं? कोणाचं पेमेंट अडकतं?" त्याच्या फळ्यावर रोज पंधरा गाड्यांची नावं असतात, त्याच्याइतकी पक्की माहिती कोणाकडे नाही. कॅशलेस यादीत वर्कशॉपचं नाव असणं वेगळं आणि ते वर्कशॉप त्या कंपनीचं कॅशलेस मनापासून करत असणं वेगळं. एक वर्कशॉप मला माहीत आहे, यादीत आहे, पण गिऱ्हाइकाला "आधी भरा, मग परत घ्या" म्हणून पाठवतं.

दुसरी गोष्ट, प्रत्येक विमा कंपनीला आपल्या वेबसाइटवर दर तिमाहीला पब्लिक डिस्क्लोजर, म्हणजे कामकाजाचे जाहीर तक्ते, टाकावी लागतात. पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत ती लिंक असते. त्यातले तीन फॉर्म उघडा. एनएल-३७ मध्ये क्लेम किती आले, किती दिले, किती नाकारले ते. एनएल-३९ मध्ये दिलेले क्लेम किती दिवसांत दिले ते. त्यात मोटर ओडीची ओळ बघा आणि महिन्याच्या आत किती सुटले ते मोजा. एनएल-४५ मध्ये तक्रारी. एकूण आकड्यावर जाऊ नका, मोठ्या कंपनीच्या तक्रारी जास्तच दिसणार. दहा हजार पॉलिसींमागे किती ते पाहा. दोन कंपन्यांचे कागद शेजारी ठेवले की अर्ध्या तासात चित्र दिसतं.

सरकारी चार कंपन्या की खासगी, की फक्त ऑनलाइन विकणाऱ्या? माझ्या अनुभवात लहान क्लेमला ऑनलाइनवाले पटकन व्हिडिओवर पाहणी करून मोकळे होतात. मोठ्या अपघातात, पोलीस पंचनामा, कोर्टाचं समन्स असं काही आलं, की जाऊन बसायला ऑफिस आणि ओळखीचा एजंट असलेला बरा. यात एकच बरोबर असं नाही. आणि पटलं नाही तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, तीस दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर पुण्यातल्या विमा लोकपालाकडे. तिथे फी नाही, वकील लागत नाही.

तुमच्या दोन कोटेशनांपैकी मी दुसरं घेईन, ५,४०,००० वालं, झिरो डेप, कन्झ्युमेबल आणि इंजिन जोडून. पण लगेच होकार देऊ नका. पहिल्या कंपनीला फोन करून सांगा, "आयडीव्ही ५,४०,००० करा आणि सूट ७५ टक्केच ठेवा." त्या हिशेबाने त्यांचा ओडी २,८८१ येतो. तसं लेखी दिलं, झिरो डेपच्या अटी सारख्या निघाल्या आणि बॉडीशॉपच्या मॅनेजरने नाक मुरडलं नाही, तर ती घ्या. पॉलिसीची पीडीएफ आली की पैसे भरल्याच्या दिवशीच इंजिन आणि चेसिस नंबर आरसीशी ताडून बघा. आणि घरात दुसरी किल्ली कुठे आहे ते शोधून ठेवा. गाडी चोरीला गेली तर कंपनी दोन्ही मूळ किल्ल्या मागते.